रक्ताचा माग

नागपूरच्या आमच्या घरात जिन्याच्या वळणावर सांबराची शिंगं टांगलेली आहेत. खाली पितळी पट्टी आहे: सांबर, ३६ इंच, ब्रह्मपुरी, डिसेंबर १९६८. घरी येणारं प्रत्येक लहान मूल त्या शिंगांना हात लावायला उड्या मारतं आणि मोठी माणसं विचारतात, "कुणी मारलं?" मी सांगते, बाबांनी. त्यापुढचं कुणी विचारत नाही, आणि आजवर मीही आपण होऊन सांगितलेलं नाही. त्या शिकारीला मी सोबत होते. बारा वर्षांची होते.

बाबा ब्रह्मपुरीला डॉक्टर होते. वनखातं तेव्हा जंगलाचे ब्लॉक पाडून शिकारीचे परवाने देत असे. ब्लॉक ठरावीक दिवसांसाठी आपल्या नावावर व्हायचा, आणि कोणतं जनावर, किती, हे परवान्यावर लिहिलेलं असायचं. नराचा परवाना असताना मादीवर बंदूक उचलायची नाही. बाबांकडे एक रायफल होती आणि माग काढायला एक गोंड गृहस्थ असायचे. त्यांना मी मामा म्हणायची. मामा बंदुकीला कधी हात लावत नसत, पण जंगलात बाबांना हुकूम सोडायचे ते मामाच.

त्या संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास नाल्याच्या पलीकडच्या काठावर सांबर उभं राहिलं. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं, खाली बांबूत अंधारायला लागलं होतं. बाबांनी नेम धरला. मामांनी मान हलवून नको म्हटलं, ते मी पाहिलं. बाबांनी पाहिलं की नाही, हे मला आजही माहीत नाही. बार झाला, सांबराने पाठ कमानीसारखी वर उचलली आणि ते बांबूत शिरलं.

मामा नाला ओलांडून गेले. परत आले ते एक पान घेऊन. पानावर रक्त होतं, काळसर, आणि त्यात हिरवट चोथा. "पोटात लागली, डाक्टरसाहेब. आता मांगं जाऊ नोका."

लाल, फेसाळ रक्त असेल तर गोळी फुप्फुसात लागलेली असते आणि जनावर शे-दोनशे पावलांत पडतं. काळं रक्त आणि त्यात चावलेला पाला असेल तर ती पोटात. असं जनावर मरतं, पण तासन् तास लावतं. लगेच मागे गेलं तर भीतीने पळतं, रात्रभर पळतं आणि कुठेतरी आपल्या हाताबाहेर जाऊन मरतं. थांबलं तर ते बसतं. म्हणून थांबायचं. हे मला बाबांनी त्या रात्री शेकोटीशी सांगितलं. ताटातली भाकरी त्यांनी मोडलीसुद्धा नव्हती. ज्याच्या पोटात गोळी आहे त्याला रात्रभर तसंच ठेवणं, हाच त्यातल्या त्यात कमी क्रूर मार्ग, हे बाराव्या वर्षी समजून घेणं मला जड गेलं. अजूनही जातं.

पहाटे निघालो. माग कसा काढतात ते मी त्या दिवशी पाहिलं. रक्त जमिनीवर फार थोडं असतं. ते गवताच्या पात्याच्या खालच्या बाजूला असतं, बांबूच्या कांड्यावर पोटाच्या उंचीला पुसलेलं असतं. जिथे रक्त संपतं तिथे दवाने भिजलेल्या गवतात एक कोरडी रेघ असते. दोनदा माग हरवला. दोन्ही वेळा मामा शेवटच्या थेंबाशी परत गेले, तिथे फांदी खोचली आणि गोल गोल फिरत पुन्हा सुरुवात केली. बाबा एकदा म्हणाले, "गेलं बहुतेक." मामा नुसते त्यांच्याकडे पाहत राहिले. पुढे उन्हं चढल्यावर एका कोरड्या नाल्यात ते सापडलं. बसलेलं होतं, जिवंत होतं, मान वर धरून आमच्याकडे पाहत होतं. मागचे पाय उचलत नव्हते. बाबांनी दुसरी गोळी झाडली.

परतताना ते मला म्हणाले, "जखमी जनावर सोडून घरी जायचं नाही. कितीही वेळ लागो."

बाबांचे आणखीही नियम होते. रात्री बत्ती मारून शिकार नाही. पाणवठ्यावर नाही. जीपमधून नाही. पिल्लू मागे असलेल्या मादीवर नाही. हे आमच्या घरचे नियम, असं मी समजत होते. १९७८ साली नागपूरला कायदा शिकताना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ हातात आला आणि त्याच्या सतराव्या कलमात बाबांचे बहुतेक नियम जवळजवळ जसेच्या तसे छापलेले दिसले.

आज हे फारसं कुणाला आठवत नाही, पण मूळ १९७२ च्या कायद्याने शिकार पूर्ण बंद केली नव्हती. काही प्राण्यांना संपूर्ण संरक्षण होतं, बाकीच्यांसाठी परवान्याची तरतूद होती. परवाना असला तरी काय करायचं नाही, हे सतरावं कलम सांगत होतं. चाकांच्या वाहनातून किंवा विमानातून शिकार करायची नाही, वाहनाने जनावरं हाकलायची नाहीत. विष, स्फोटकं, जाळी, खड्डे, फासे वापरायचे नाहीत. शिकारीसाठी रान पेटवायचं नाही. सूर्यास्तानंतर नाही, कृत्रिम दिव्याने नाही. पाणवठ्यावर किंवा जनावरं जिथे खारट माती चाटायला येतात तिथे नाही, त्या वाटेवरही नाही. कुत्री सोडून नाही, काही पक्ष्यांचा अपवाद वगळता. मात्र मांसभक्षक प्राण्याने मारलेल्या भक्ष्यापाशी, म्हणजे गाऱ्यावर, त्याची वाट पाहत बसायचं असेल, तर खास परवानगीने रात्र आणि बत्ती दोन्ही चालत. पुढे १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची सगळी व्यवस्थाच गेली आणि तिच्याबरोबर हे कलमही. शिकारच बंद झाल्यावर ती कशी करावी याच्या नियमांची गरज उरली नाही. ते व्हायलाच हवं होतं. तरीही एक देश आपल्या माणसांना सांगतो आहे की तहानलेल्यावर नेम धरू नका, या गोष्टीपाशी एक विद्यार्थिनी म्हणून मी थांबले होते.

इंग्रजीत या कल्पनेला 'फेअर चेस' म्हणतात, म्हणजे न्याय्य पाठलाग. तिची आखीव मांडणी अमेरिकेत झाली. तिथल्या गवताळ मैदानांवरचे लाखो-कोट्यवधी बायसन कातड्यांसाठी आणि बाजारासाठी मारून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेकड्यांवर आले, तेव्हा थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८७ साली बून अँड क्रॉकेट क्लब काढला. सगळे सभासद शिकारी. त्यांच्या घटनेत अन्याय्य म्हणून नोंदलेल्या रीती आपल्या सतराव्या कलमाच्या सख्ख्या वाटतात: सापळ्यातलं अस्वल मारणं, रात्री उजेड दाखवून हरणाला खिळवणं, खोल बर्फात पाय रुतलेल्या सांबरवर्गी जनावराला गाठणं, पाण्यात पोहणाऱ्या जनावरावर नावेतून गोळी झाडणं. जनावर मुक्त असलं पाहिजे, त्याला निसटायची खरी संधी हवी, हे यामागचं सूत्र.

या सूत्राची जगाला माहीत असलेली गोष्ट १९०२ च्या नोव्हेंबरातली आहे. रूझवेल्ट तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष होते आणि मिसिसिपीत अस्वलाच्या शिकारीला गेले होते. वाटाड्या होता होल्ट कॉलियर, गुलामीत जन्मलेला एक नाणावलेला शिकारी. अध्यक्षांना अस्वल मिळेना म्हणून कॉलियरने कुत्र्यांनी दमवलेलं एक अस्वल गाठलं, बंदुकीच्या दस्त्याने त्याच्या डोक्यात हाणलं आणि ते झाडाला बांधून ठेवलं. बांधलेल्या जनावरावर रूझवेल्टनी गोळी झाडायला नकार दिला. क्लिफर्ड बेरीमनने त्यावर व्यंगचित्र काढलं, ब्रुकलिनच्या एका दुकानदाराने कापडी अस्वल शिवलं आणि रूझवेल्टच्या लाडक्या नावावरून ते 'टेडी' झालं. आपल्या घराघरांत मुलं ज्याला कुशीत घेऊन झोपतात तोच हा टेडी.

त्या अस्वलाचं काय झालं? ते घायाळ होतं. त्याला यातनांतून सोडवा, असं रूझवेल्टनी सांगितलं आणि ते सुऱ्याने मारलं गेलं. नकार खरा होता, त्यामागची सभ्यताही खरी होती. पण तिचा अस्वलाला काही उपयोग झाला नाही. न्याय्य पाठलागाच्या कल्पनेतली माझी अडचण तिथे सुरू होते.

आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे. महाभारतात पांडू राजा रमलेल्या हरणाच्या जोडप्यावर बाण सोडतो. ते हरीण म्हणजे किंदम ऋषी. पांडू बाजू मांडतो की मृगया हा राजांचा धर्मच आहे, उघडपणे मारा की लपून. त्यावर मरणारा ऋषी जे म्हणतो ते मला नेहमी चकित करतं. हरीण मारलंस म्हणून मी तुला दोष देत नाही, थांबला नाहीस म्हणून देतो, असा त्याचा आशय आहे. रामायणात दशरथ रात्री शरयूकाठी, हत्ती पाणी पितो आहे असं समजून आवाजावर बाण मारतो आणि श्रावण पडतो. अंधार आणि पाणवठा, सतराव्या कलमाचे दोन भंग एकाच बाणात, वर लक्ष्य न पाहिलेलं. आणि झाडाआडून बाण लागलेला वाली रामाला जाब विचारतो तेव्हा रामाच्या उत्तरांतलं एक उत्तर असं की तू वानर आहेस, आणि माणसं लपून, फासे लावून जनावरं मारतातच. कीर्तनात हा प्रसंग ऐकताना लहानपणी मला वालीचा प्रश्न उत्तरापेक्षा मोठा वाटायचा.

म्हणजे नियम होते, जुन्या काळापासून होते. पण ते पाळायचे की नाही हे ज्याच्या हातात शस्त्र त्याच्याच मर्जीवर होतं, आणि सत्ता आली की मर्जी कशी बदलते याच्या नोंदी आपल्याच देशात आहेत. भरतपूरच्या तलावावर १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मंडळींनी ४,२७३ पक्षी मारले. पंचम जॉर्ज १९११ च्या डिसेंबरात नेपाळच्या तराईत गेले, तेव्हा दहा दिवसांत ३९ वाघ आणि १८ गेंडे पडले. हत्तींचं कडं करून वाघाला आत कोंडायचं आणि मग पाहुण्याने गोळी झाडायची. यात पाठलाग कुठे होता?

सगळ्यात जिव्हारी लागते ती चित्त्यांची नोंद. १९४७ च्या सुमारास, आज छत्तीसगडात असलेल्या कोरिया संस्थानच्या महाराजांनी रात्री मोटारीतून जाताना एकमेकांशेजारी बसलेले तीन चित्ते मारले. तिघे नर, एकाच विणीतले. भारतातल्या चित्त्यांची ही शेवटची खात्रीची नोंद मानतात. १९५२ साली चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. ही हकिकत मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाकडे आली, तेव्हा संपादकांना तिची इतकी किळस आली की ती केराच्या टोपलीत टाकावी असं त्यांना प्रथम वाटलं. छापली ती त्या निषेधासकट. या नियतकालिकाने शिकाऱ्यांचं लेखन वर्षानुवर्षं आदराने छापलं होतं. शिकाऱ्यांच्या पंगतीतूनच आलेला हा धिक्कार मला मोलाचा वाटतो. नियम मनात असल्याशिवाय अशी किळस येत नाही.

म्हणून न्याय्य पाठलाग हा निव्वळ देखावा आहे, असं मी म्हणत नाही. कुणी पाहत नसताना बलवानाने स्वतःचा हात आखडता घेणं ही लहान गोष्ट नाही. पण वकिली करताना मला एक सवय लागली आहे, दोन प्रश्न एकात मिसळले असतील तर ते सोडवायचे. शिकार कशी करावी हा एक प्रश्न. शिकार का करावी हा दुसरा. न्याय्य पाठलाग पहिल्याचं उत्तर देतो आणि दुसऱ्याचंही उत्तर झालं असं आपल्याला वाटू लागतं. खेळात दोन्ही बाजूंना माहीत असतं की खेळ चालू आहे. कबड्डीत चढाई करणाऱ्याने अंगणात पाय ठेवला तो आपल्या राजीखुशीने. त्या सांबराने काहीही कबूल केलं नव्हतं. हरलो तर बाबा रिकाम्या हाताने घरी येणार होते, ते हरलं तर मरणार होतं. संधी कितीही दिली तरी हा करार एकतर्फीच राहतो. पोटासाठी शिकार करणाऱ्या माणसाला मी हा प्रश्न विचारणार नाही. त्याची आणि जनावराची गरज एकाच तराजूत बसते. हौसेची बसत नाही.

आता तर संधी देण्याचीही गरज काही ठिकाणी उरलेली नाही. दक्षिण आफ्रिकेत सिंह पाळून वाढवतात. बछडे जन्मल्यावर काही दिवसांत आईपासून तोडायचे, पर्यटकांनी त्यांना बाटलीने दूध पाजायचं, फोटो काढायचे, आणि मोठे झाले की कुंपणाच्या आत सोडून पैसे भरणाऱ्याने मारायचे. माणसाच्या हातून दूध प्यायलेला तो सिंह माणसाला पाहून पळत नाही. तिथल्या सरकारने नेमलेल्या समितीने हा धंदा बंद करावा, अशी शिफारस २०२१ मध्ये केली. झिंबाब्वेत २०१५ च्या जुलैत सेसिल नावाच्या सिंहाला आमिष दाखवून ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या बाहेर आणलं आणि बाण मारला. तो दुसऱ्या दिवशी, बऱ्याच तासांनी मारला गेला. ती बातमी वाचताना जगाचं लक्ष आमिषाकडे होतं, माझं त्या तासांकडे. अमेरिकेत जनावराचा फोटो थेट फोनवर पाठवणारे कॅमेरे जंगलात लावतात, ड्रोन उडवतात. ड्रोनवर अलास्का, माँटाना, कोलोरॅडोने बंदी आणली, शिकारीसाठीच्या कॅमेऱ्यांवर ॲरिझोनाने. या बंदीसाठी तिथले शिकारीही बोलले, हे नोंदवायला हवं.

आणि एक युक्तिवाद असा आहे ज्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पाकिस्तानच्या उत्तरेकडच्या डोंगरांत मारखोर नावाची पीळदार शिंगांची रानबकरी आहे. तिच्या मोजक्या म्हाताऱ्या नरांचे परवाने परदेशी शिकाऱ्यांना लिलावात विकतात, एका परवान्याला लाख डॉलरहून अधिक मिळतात आणि त्यातले ८० टक्के गावांना जातात. त्यातून गावं राखणदार ठेवतात, चोरटी शिकार थांबवतात. मारखोरांची संख्या वाढली आणि २०१५ साली त्यांचा धोक्याचा दर्जा कमी झाला. हे खरं आहे आणि दरीतल्या त्या गावकऱ्याला मी नागपुरात पंख्याखाली बसून काही शिकवावं, ही माझी योग्यता नाही. मी एवढंच म्हणेन की हा जंगल वाचवण्याचा हिशेब आहे. तो हिशेब म्हणूनच मांडावा. गोळी झाडणाऱ्याच्या आनंदाला त्यातून पुण्य मिळत नाही.

आपल्याकडे हौसेची शिकार कायद्याने संपली. मरण संपलेलं नाही. पिकात रानडुक्कर शिरतं म्हणून विदर्भात कुंपणाच्या तारेत वीज सोडतात. अशाच एका शेतकऱ्याचं वकीलपत्र मी घेतलं होतं. डुकरासाठी लावलेल्या तारेला चिकटून नीलगाय मेली होती. त्याला कसली हौस नव्हती, त्याचा हरभरा सलग दोन वर्षं गेला होता. मी विचारलं, "रात्री तारेपाशी कोण होतं?" तो म्हणाला, "कोनीच नाही बाई. झोपलो होतो सारे." तारेला, फाशाला माग काढावा लागत नाही. काय मेलं, किती वेळात मेलं, हे सकाळपर्यंत कुणाला कळत नाही. त्याच्या बाजूने मी जमेल तेवढं भांडले, पण घरी येताना मला मामांची ती खोचलेली फांदी आठवत होती.

बाबा त्या सांबरानंतरही शिकारीला गेले, कायदा येईपर्यंत जात राहिले. फक्त ऊन शेंड्यांवर गेलं की रायफल रिकामी करून खांद्याला अडकवत. मामांच्या मानेकडे पाहिल्याशिवाय त्यांनी पुन्हा नेम धरला नाही, हेही मी पाहिलेलं आहे. ते गेल्यावर शिंगं वारसाहक्काने माझ्याकडे आली. अशी वस्तू विकता येत नाही. मात्र २०२२ च्या दुरुस्तीनंतर, ठेवायची नसेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांना कामकाजाच्या सात दिवसांची नोटीस देऊन ती सरकारजमा करता येते. गेल्या महिन्यात मी तो अर्ज लिहायला घेतला.

अर्जाबरोबर फोटो जोडावे म्हणून शिंगांची फळी भिंतीवरून उतरवली. पन्नास वर्षांपेक्षा जास्त काळात ती पहिल्यांदाच उलटी झाली असेल. मागे कोळिष्टकं होती. पुसल्यावर लाकडावर बाबांचं अक्षर दिसलं, प्रिस्क्रिप्शनवर असायचं तसं घाईचं. इंच कुठेच लिहिलेले नव्हते. तिथे फक्त दोन वेळा होत्या: सायं. ५.३० आणि त्याखाली सकाळी ११.१०.